नऊ नंबरचं कार्ड

कार्डांची टूम काढली नणंदेनं. एका प्रदर्शनात ती कंपनीच्या स्टॉलवर उभी राहिली होती. दुपारपर्यंत तिच्याजवळची छापील कार्डं संपली, आणि समोरच्या स्टॉलवरचा माणूस मात्र खिशातून काहीही न काढता, नुसता फोन पुढे करून दिवसभर आपलं कार्ड वाटत राहिला. दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली ती पर्स टेबलावर आपटतच.

"वहिनी, जग कुठे चाललंय आणि आपण अजून कागद वाटतोय. लोक फोन टेकवतात नाहीतर कोड दाखवतात, की झालं. नंबर बदलला तर एकाच जागी बदलायचा, ज्याच्या ज्याच्याकडे कार्ड आहे त्या सगळ्यांकडे आपोआप बदलतो. आपण जुना नंबर खोडून वर पेनानं नवा लिहून देतो. लाज वाटते मला."

"बरं."

"बरं काय? ही कार्डं तूच करणार आहेस."

"बरं," वहिनी म्हणाली.

लिफ्टच्या देखभालीची ती घरचीच कंपनी होती. मालक वहिनीचे सासरे. त्यांना ती मामंजी म्हणे. नणंद गिऱ्हाइकं सांभाळायची, चौदा मेकॅनिक लिफ्ट सांभाळायचे आणि उरलेलं सगळं वहिनी सांभाळायची. कोण कुठल्या इमारतीत गेला, किती वाजता परतला, कुठला दोर कधी बदलला, हे सगळं तिच्या वहीत असे. अकरा वर्षं ती हे करत होती. शिक्षण विज्ञानाचं, त्यामुळे अर्धवट नोंद तिला खपत नसे. "साधारण दहा वाजता" असं कुणी सांगितलं तर ती मान वर न करता विचारायची, "साधारणच्या अलीकडे की पलीकडे?" मेकॅनिकांमध्ये तो विनोद झाला होता.

चौदांतला नववा मेकॅनिक तिचा नवरा होता. तो पाच महिन्यांपूर्वी निघून गेला होता.

ऑफिसच्या दाराशेजारी एक लाकडी फळा होता. त्यावर चौदा खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर नंबर घातलेली एक चकती, एका बाजूनं लाल, दुसऱ्या बाजूनं पांढरी. कामावर निघताना आपली चकती लाल करायची, परत आल्यावर पांढरी. लाल म्हणजे हा माणूस या क्षणी कुठल्या तरी लिफ्टच्या खड्ड्यात किंवा केबिनच्या टपावर असू शकतो. नऊ नंबरची चकती पाच महिने लाल होती.

तिच्या जोडीला होतं कुलूप. लिफ्टला हात लावण्याआधी वर मशीन रूममध्ये जाऊन मेन स्विच पाडायचा आणि त्याला आपलं स्वतःचं कुलूप घालायचं. कुलपाला नावाची पट्टी. किल्ली एकच, आणि ती त्या माणसाच्या खिशात. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. दुसऱ्यानं त्याला बोट लावायचं नाही, मालकानंसुद्धा नाही. सव्वीस वर्षांपूर्वी एकानं "तो जेवायला गेला असेल" असं म्हणून दुसऱ्याचं कुलूप काढलं होतं आणि स्विच वर केला होता. तो जेवायला गेला नव्हता. केबिनच्या टपावर होता. तो मामंजींचा धाकटा भाऊ. तेव्हापासून मामंजींच्या कंपनीत बाकी कशावरही थट्टा चालायची, कुलपावर नाही.

नवरा गेला त्या सकाळी तो एका पाचमजली इमारतीत ब्रेकच्या कामाला गेला होता. केबिन वर नेऊन साखळीनं बांधली, स्विच पाडला, कुलूप घातलं, पट्टी लावली, काम अर्धं केलं, अवजारं पुसून पेटीत ठेवली, पेटी भिंतीशी सरळ लावली आणि जिन्यानं उतरून गेला. संध्याकाळी बापाच्या फोनवर तीन वाक्यं आली. मी जातोय. मी ठीक आहे. शोधू नका. त्यानंतर तो नंबर अस्तित्वात नाही असं एक बाई अतिशय गोड आवाजात सांगू लागली.

लांब्या म्हणून एक मेकॅनिक होता, फळ्यावर चौथा. तो त्याच दिवशी त्या लिफ्टचा खड्डा, केबिन, टप, सगळं पाहून आला. कोणीही नव्हतं. पण नियमाला पाहणं पुरत नसे. नियमाला कुलूपवाल्याच्या तोंडचा शब्द लागत असे. लिफ्ट बंदच राहिली. इमारतीच्या सेक्रेटरीनं वैतागून दुसऱ्या कंपनीचा माणूस आणला. त्यानं वर जाऊन पट्टी वाचली आणि हात न लावता खाली आला. "आमच्यातही हेच असतं," तो म्हणाला.

"कुलूप आहे तोवर तो कामावर आहे," मामंजी म्हणायचे. आणि रोज बाराच्या ठोक्याला त्या गोड बाईचं एकदा ऐकून घ्यायचे.

वहिनीला काय वाटत होतं हे तिला कुणी विचारलं नाही असं नाही. नणंदेनं दोनदा विचारलं. पण दात काढण्यापूर्वी हिरडीत सुई देतात, त्यानंतर गालाला बोट लावलं की गाल आहे एवढं कळतं, आपला आहे असं वाटत नाही. तसं काहीसं तिचं झालं होतं. ती वेळेवर उठायची, वेळेवर ऑफिसात यायची. एकदा चहानं जीभ पोळली ती तिला दुसऱ्या दिवशी आरशात दिसली. रडू आलं नव्हतं, आणि येत नाही याचंही काही वाटत नव्हतं. तिची चकती फळ्यावर नव्हतीच, त्यामुळे ती कुठे आहे हा प्रश्न कुणाला पडायचं कारण नव्हतं.

कार्डांना मामंजींनी आधी नाक मुरडलं. "नंबर हवा असेल तर माणूस मागून घेतो," ते म्हणाले. मग वहिनीनं सांगितलं की हाच कोड कुलपाच्या पट्टीवर छापता येईल. पट्टीवरचा नंबर ग्रीसनं पुसला जातो, कोड मात्र थोडा खराब झाला तरी चालतो. फोन धरला की कुलूप कुणाचं, त्याचा फोटो, नंबर आणि आणीबाणीत कुणाला कळवायचं, सगळं दिसेल. मामंजींनी चष्मा काढून पुसला. "मग कर," ते म्हणाले.

तिनं तीन दिवस घेतले. खिडकीजवळच्या पांढऱ्या भिंतीपुढे एकेकाला उभं करून फोटो काढले. लांब्याचे चार काढले, चारांतही त्याचे डोळे मिटलेले.

"वहिनी, राहू दे. पट्टीवर हा फोटो बघून कुणी कुलूप काढायची हिंमत करणार नाही. म्हणतील, आधीच गेलाय."

"डोळे उघड."

"उघडेच आहेत. देवानं एवढेच दिलेत. आणि ऐक, हुद्द्यात 'सीनियर एक्झिक्युटिव्ह' टाक. मेव्हणीच्या लग्नात वाटणार आहे मी."

"सीनियर एक्झिक्युटिव्ह ग्रीस," मागून कुणीतरी म्हणालं.

"मेकॅनिक," वहिनी म्हणाली आणि टाईप केलं.

दोघांच्या बोटांचे ठसे फोन ओळखेना. तारेच्या दोरांनी बोटांवरच्या रेषाच घासून टाकल्या होत्या. त्यांना तिनं आकडे टाकून आत जायचं शिकवलं. पाचवा म्हणाला, रक्तगटाचा रकाना आहे, रागाचा नाही का? सातव्यानं आणीबाणीच्या रकान्यात आधी बायकोचं नाव सांगितलं, मग विचार करून आईचं सांगितलं, मग म्हणाला, "बायकोचंच टाक. आईला घाबरवून काय मिळणार? बायको निदान दवाखान्यात येऊन भांडेल तरी."

नणंदेनं दिलेल्या यादीत तेरा मेकॅनिक होते. पण वहिनीनं यादी बाजूला ठेवली होती. अकरा वर्षं प्रत्येक गोष्ट ती फळ्याच्या क्रमानं लिहीत आली होती, तशीच ही कार्डंही तिनं केली. सहा, सात, आठ. आठनंतर नऊ आला. जुन्या फायलीतून तिनं फोटो घेतला, नाव टाकलं, हुद्दा मेकॅनिक, फोन तोच बंद पडलेला, ई-मेल होता तो. आणीबाणीत संपर्क: नातं, पत्नी, खाली स्वतःचा नंबर. मग दहा, अकरा, बारा. चौदावं कार्ड झाल्यावर तिनं 'सर्वांना पाठवा'वर बोट ठेवलं. प्रत्येकाला आपापल्या कार्डाचा दुवा गेला: तपासा, चूक असेल तर दुरुस्त करा आणि 'मान्य' दाबा.

तासाभरानं नणंद आली. तिनं पडद्यावर पाहिलं आणि खुर्चीत बसली.

"चौदा?"

वहिनीनं पाहिलं. "हो," ती म्हणाली. "क्रमानं केली."

"अगं, क्रमानं म्हणजे... दादालासुद्धा? हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. आता बाबांना दिसलं तर?" मग तिनं आवाज खाली आणला. "जाऊ दे. नंबर बंद, ई-मेल तो कधी उघडायचाच नाही. राहू दे पडून. आणि तुझं कार्ड कुठाय?"

वहिनीचं कार्ड अर्धं होतं. नाव होतं, फोटो होता. हुद्द्याचा रकाना रिकामा, आणि तो भरल्याशिवाय कोड तयार होत नव्हता.

"हुद्दा काय लिहू?"

"लिही, मालकाची सून," नणंद म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिनं जीभ चावली.

दर सोमवारी दहा वाजता ऑफिसात एक फोन यायचा. त्या पाचमजली इमारतीच्या चौथ्या मजल्यावर एक आजी राहत होत्या. खुब्याचं ऑपरेशन झालेलं. जिना उतरायला डॉक्टरांची मनाई. लिफ्ट बंद पडल्यापासून त्या खाली आलेल्या नव्हत्या. खिडकीतून दोरीला टोपली बांधून सामान वर घ्यायच्या, म्हणून मेकॅनिक त्यांना टोपलीवाल्या आजी म्हणत. त्या भांडायच्या नाहीत.

"अजून?" त्या विचारायच्या.

"अजून," वहिनी सांगायची.

"बरं. माझी टोपली माझ्यापेक्षा जास्त जग बघून आली," असं काहीतरी म्हणून त्या फोन ठेवायच्या.

कार्डं पाठवली त्याच्या नवव्या दिवशी, शनिवारी, वहिनी 'मान्य'ची यादी तपासत होती. लांब्यानं सहा वेळा मान्य दाबलं होतं. तेराही मेकॅनिकांपुढे हिरवी खूण होती. आणि नऊपुढे लिहिलं होतं: बदल केला, मान्य.

तिनं कार्ड उघडलं. फोटो काढून टाकलेला. फोन नवा. कंपनी दुसरी, शहर दुसरं. हुद्दा: सरकते जिने, देखभाल. आणीबाणीत संपर्क, एक अनोळखी नंबर. नात्याच्या रकान्यात 'पत्नी' खोडून लिहिलं होतं, 'घरी'.

तिनं ते तीनदा वाचलं, एखादा अनपेक्षित आकडा आला की आपण उपकरण बिघडलं नाही ना हे आधी पाहतो तसं. उपकरण ठीक होतं. पाच महिने जो माणूस बापाच्या फोनला, बहिणीच्या निरोपाला, बायकोनं ई-मेलवर पाठवलेल्या दोन पत्रांना हूं की चूं करत नव्हता, त्यानं कार्डावरच्या चुका मात्र दुरुस्त केल्या होत्या. आपल्याबद्दल कुणी चुकीचं लिहून ठेवलेलं माणसाला बघवत नाही, तिच्या मनात आलं. तिनं गालाच्या आतली बाजू दातांत धरून पाहिली. गाल होता.

तिनं कुणाला सांगितलं नाही. हा नंबर फिरवला की तो उचलेल; उचलला की कुलपाबद्दल विचारावं लागेल; विचारलं की कुलूप तुटेल. कुलूप तुटलं की मामंजींचा मुलगा कामावर गेलेला नसेल, निघून गेलेला असेल. आणि त्यांची सून कोण असेल, याला तिच्यापाशी शब्द नव्हता. कुलूप लटकत होतं तोवर तिचंही सगळं जागच्या जागी होतं. रविवारचा सबंध दिवस तिनं कपाटं आवरली.

सोमवारी दहाला फोन आला.

"अजून?"

"अजून," वहिनी म्हणाली. पण त्या वेळी तिचा आवाज अर्धा क्षण उशिरा निघाला असावा, कारण आजींनी फोन ठेवला नाही.

"एक सांगू का गं? मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. लाइन लागत नसली की आम्ही सांगायचो, लागत नाही. व्यस्त असली तर व्यस्त. माणूस दोन शिव्या देतो, ठेवून देतो, आपल्या कामाला लागतो. पण 'लावतेय, थांबा' म्हटलं ना, की तो कानाला रिसीव्हर लावून बसतो. पायाला मुंग्या येईपर्यंत बसतो. पाच महिने तू मला 'लावतेय, थांबा' म्हणतेयस. एकदा लाइन लागते का नाही ते बघ, आणि काय असेल ते सांग. नाही म्हणालीस तरी चालेल. मी मुलीकडे राहायला जाईन, चार माणसं खुर्चीतून उतरवतील मला. पण सांग."

"बघते," वहिनी म्हणाली.

कुलूप तोडण्याचा अर्ज सगळ्यात खालच्या खणात होता. सव्वीस वर्षांत तीनदाच वापरलेला, मामंजींनी स्वतः हातानं लिहून केलेला नमुना. प्रश्न चार. तो घेऊन ती मागच्या वर्कशॉपमध्ये गेली. मामंजी एका जुन्या दोराची जाडी मोजत होते.

"मामंजी, चौथ्या मजल्याच्या आजी... नऊ नंबरचं कुलूप." तिनं कागद पुढे केला.

त्यांनी मापाचं साधन खाली ठेवलं नाही. "नियम तुला माहीत आहे. त्याच्या तोंडचा शब्द हवा."

"नंबर मिळालाय."

"कुठून?"

"त्याचं कार्ड माझ्याकडून चुकून गेलं. त्यानं ते दुरुस्त केलंय."

मामंजींनी दोरावरची तीच जागा पुन्हा मोजली. मग तिसऱ्यांदा मोजली. शेवटी ते म्हणाले, "दोन साक्षीदार लागतात."

लांब्या आणि नणंद साक्षीला आले. फोन टेबलाच्या मधोमध ठेवला, आवाज बाहेर येईल असा. नंबर वहिनीनं फिरवला. चार वेळा वाजला.

"हॅलो?"

"कंपनीतून बोलतेय," वहिनी म्हणाली. "नऊ नंबरच्या कुलपाचा अर्ज आहे. साक्षीदार ऐकतायत."

पलीकडे कुठेतरी एकसारखी घरघर चालली होती. ती थोडी दूर गेली. तो बाजूला झाला असावा.

"दादा, अरे..." नणंद म्हणाली.

"साक्षीदारांनी बोलायचं नसतं," मामंजी म्हणाले.

"प्रश्न एक," वहिनीनं वाचलं. "नऊ नंबरचं कुलूप तुझं आहे का?"

"हो. माझं."

"प्रश्न दोन. या क्षणी तू त्या लिफ्टच्या खड्ड्यात, केबिनमध्ये किंवा टपावर नाहीस ना? पूर्णपणे बाहेर आहेस का?"

"बाहेर आहे."

"अर्जात 'पूर्णपणे' आहे."

घरघर ऐकू येत राहिली. "पूर्णपणे बाहेर आहे."

तिनं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं. "प्रश्न तीन. कुलूप काढायला तू स्वतः येणार आहेस का?"

लांब्यानं मान खाली घातली. नणंद खिडकीकडे बघत होती. वहिनी पेन कागदाला टेकवून थांबली, आणि टेकवलेल्या जागी शाईचा एक ठिपका हळूहळू मोठा होत गेला.

"नाही," तो म्हणाला.

"प्रश्न चार. ते तोडायला तुझी परवानगी आहे का?"

"आहे." मग तो म्हणाला, "अजून काही?"

तिनं कागद वरपासून खालपर्यंत पाहिला.

"अर्जावर नाही," ती म्हणाली.

तेवढ्यात मामंजी फोनकडे वाकले. त्यांचा आवाज नेहमीचाच होता, सकाळी कामं वाटताना असतो तसा. "ब्रेकचं कुठवर आलं होतं?"

"डावीकडचं अस्तर बसवलंय. उजवीकडचं राहिलंय," तो म्हणाला. "नवं अस्तर पेटीत आहे, बाबा. फडक्यात गुंडाळून ठेवलंय. ओल लागू नये म्हणून."

"बरं," मामंजी म्हणाले.

फोन कुणी आधी ठेवला ते कळलं नाही. मामंजींनी सही केली, लांब्यानं केली, नणंदेनं केली. तिच्या सहीवर एक थेंब पडला आणि तिनं तो बाहीनं टिपला. वहिनीनं वेळ लिहिली: अकरा वाजून सतरा मिनिटं. मामंजी उठून फळ्याशी गेले आणि त्यांनी नऊ नंबरची चकती फिरवून पांढरी केली. पांढरी म्हणजे माणूस बाहेर, सुखरूप. चकती डुलत होती ती त्यांनी बोटानं थांबवली.

"एक कुलूप काढायचं तर आधी दुसरं घालायचं," मग ते पाठमोरेच म्हणाले. "स्विच क्षणभरही मोकळा राहता कामा नये. अर्ज जिनं भरला, कुलूप तिचं."

"माझ्याकडे कुलूप नाही."

"कपाटात आहे, पंधरा नंबर. पट्टी छापून घे."

त्या दिवशी बारा वाजता मामंजींनी फोन हातात घेतला नाही.

पट्टीला कोड हवा, कोडला हुद्दा हवा. दुपारी तिनं आपलं अर्धं कार्ड उघडलं. 'ऑफिस' लिहिलं, खोडलं. मग आपण दिवसभर नेमकं काय करतो याचा तिनं विचार केला आणि लिहिलं: नोंदी आणि परवानग्या. पुढचा रकानाही सक्तीचाच होता. आणीबाणीत संपर्क. तिथे कंपनीच्या जुन्या कागदांतून आपोआप आलेला नवऱ्याचा बंद नंबर बसला होता. तो तिनं एकेक आकडा करून मागे पुसला आणि दुसरा भरला.

शेजारच्या टेबलावर नणंदेचा फोन वाजला. तिनं वाचलं आणि वर पाहिलं.

"मी?"

"तुझा नंबर चालू असतो."

"नातं 'नणंद' लिहिलंयस."

"आहेस ना?"

नणंदेनं फोन जवळ ओढला. तिनं 'मान्य' दाबलं, मग फोन पालथा ठेवला आणि नाक शिंकरून म्हणाली, "फोटोत तू चोरासारखी दिसतेस. बदल तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आणि लांब्या त्या इमारतीचे पाच जिने चढून मशीन रूममध्ये गेले. धूळ होती. भिंतीशी सरळ लावलेली पेटी होती. स्विचच्या कडीत तिनं आधी आपलं कुलूप अडकवलं, किल्ली खिशात टाकली. लांब्यानं नियमाप्रमाणे फोन धरून पट्टी तपासली. "नोंदी आणि परवानग्या," त्यानं मोठ्यानं वाचलं. "बाप रे. मला एक्झिक्युटिव्हसुद्धा दिलं नाहीस, आणि स्वतः बघा." मग वहिनीनं मोठी कातर नऊ नंबरच्या कुलपाला लावली. दोन्ही हातांनी दाबावं लागलं. आवाज अगदी लहान झाला, सुपारी फुटावी एवढा. कुलूप तिनं कागदी पिशवीत घातलं, वर तारीख लिहिली.

उजवीकडचं अस्तर बसवायला लांब्याला दोन तास दहा मिनिटं लागली. कुलूप तिचं असल्यामुळे तिला जाता येईना. ती उलट्या बादलीवर बसून राहिली. अस्तर खरंच फडक्यात होतं. फडकं घरातलं होतं, तिच्याच एका जुन्या कुर्त्याचं. तिनं ते ओळखलं, घडी केली आणि त्याच पिशवीत घातलं.

"झालं," लांब्या म्हणाला. "मी बाहेर आहे. पूर्णपणे." त्याला तो शब्द वापरल्याचं मागाहून लक्षात आलं आणि तो कान खाजवू लागला.

तिनं आपलं कुलूप आपल्या किल्लीनं काढलं आणि स्विच वर केला.

आजी चौथ्या मजल्यावर दारात तयारच उभ्या होत्या, हातात काठी, पायांत बूट, कोपराला टोपली. तिघीजणी खाली आल्या, आजी, वहिनी आणि टोपली, असं नंतर लांब्या सांगत असे. खाली दार उघडल्यावर आजी लगेच बाहेर पडल्या नाहीत. त्यांनी वहिनीकडे नीट पाहिलं.

"सोमवारची 'अजून' ती तूच ना?"

"हो."

"मला वाटलं होतं, वयानं मोठी असशील," त्या म्हणाल्या, आणि उंबरा जपून ओलांडून उजेडात गेल्या.

पुढच्या सोमवारी दहा वाजता वहिनी मेकॅनिकांच्या वेळा लिहीत होती. दहा वाजून चार मिनिटांनी तिच्या लक्षात आलं की आपण फोनकडे बघतोय. तो वाजला नाही. पुढ्यातला चहा तिनं उचलला, एक घोट घेतला आणि कप पटकन खाली ठेवला. गरम होता.